बदकाच्या तोंडाची छत्री

चौथीच्या सरांना मुलं पाठीमागे 'म्हणजेच सर' म्हणत, आणि यात मुलांचा काही दोष नव्हता. एखादी गोष्ट एकदा सांगून भागेल असं सरांना कधी वाटतच नसे. "दार लाव, म्हणजेच वर्गाचं दार, म्हणजेच आतून," असं ते बोलायचे. यहुदी मुलांच्या त्या प्राथमिक शाळेत सकाळचे तास त्यांचे. हिब्रू लिहायला-वाचायला शिकवायचं आणि तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, समजावून सांगायचा. दुपारी गणिताच्या बाई येत. हिब्रू उजवीकडून डावीकडे आणि गणित डावीकडून उजवीकडे, त्यामुळे मुलांच्या वह्या दोन्ही टोकांनी सुरू होत आणि मधे कुठेतरी एकमेकींवर आपटत. गणिताच्या बाई म्हणायच्या, "सर सकाळी तोरा शिकवतात आणि दुपारी मिरवतात."

शाळा होती टायरच्या दुकानावर. वरचे दोन मजले, अरुंद जिना, जिन्याखाली एक कपाट. वर्गात पाठांतर ऐन रंगात आलं की खालून हवा भरायचा आवाज यायचा. तशातच एकदा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना 'जिवंत शिक्षण' घेऊन आल्या.

"फळ्यावरचं शिक्षण मेलं," त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. "मुलांनी शिकलेलं जगायला हवं. प्रत्येकाने एकेक विषय निवडा आणि तो जिवंत करा. संस्थेचे अध्यक्ष स्वतः बघायला येणार आहेत."

हे ऐकून निसर्गविज्ञानाच्या बाईंनी वर्गात गोगलगायी आणल्या. त्या इतक्या जिवंत निघाल्या की दुसऱ्या दिवशी काही जिन्यात सापडल्या, काही सापडल्याच नाहीत. गणिताच्या बाईंनी दुकान मांडलं. त्यातली बिस्किटं गिऱ्हाइकांआधी दुकानदारांनीच संपवली. आपले सर मात्र गालातल्या गालात हसत होते. त्यांनी निवडला होता सापडलेल्या वस्तूंचा कायदा. पूर्वीच्या पंडितांनी ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं खाजवलं, तो.

कायदा तसा सोपा. रस्त्यात वस्तू सापडली आणि तिला काही खूण असली, तर ती जाहीर करायची. मालक येईल, खूण सांगेल, घेऊन जाईल. खूण नसली आणि मालकाने आशाही सोडलेली असली, तर ती सापडणाऱ्याची. आणि सगळ्यांत वरचा नियम असा की, दुसऱ्याची हरवलेली वस्तू दिसली की डोळेझाक करायची सोय नाही. हा शेवटचा नियम सरांनी मुलांकडून रोज सकाळी एका सुरात म्हणून घेतला. मुलं म्हणायची, आणि खाली टायरवाला वर बघायचा.

"म्हणजेच," सर बोट उंचावून सांगायचे, "हा कायदा पुस्तकात ठेवायचा नाही. म्हणजेच जगायचा. ज्याने पाहिलं आणि गप्प बसला, तो घेणाऱ्याहून बरा नव्हे!"

बोलताना त्यांच्या अंगावर स्वतःच्याच शब्दांनी शहारा यायचा. आता खरं तर त्यांच्या अंगावर शहारा यायला दुसरंही एक कारण होतं, आणि ते मोठ्या बाईंच्या ऑफिसात, पितळेच्या उंच भांड्यात उभं होतं.

ती एक छत्री होती. काळी, लांब दांड्याची, आणि मुठीच्या जागी लाकडात कोरलेलं बदकाचं तोंड. चोचीचा एक टवका उडालेला. मोठ्या बाई ती पावसासाठी वापरत नसत. पावसासाठी त्यांच्याकडे पिशवीत मावणारी साधी छत्री होती. ही होती रुबाबासाठी. तिने त्या दारं ठोठावत, नकाशावरच्या नद्या दाखवत, जिन्यात पळणाऱ्या पोरांना अडवत. ती उघडलेली कोणी कधी पाहिली नव्हती.

आणि ती छत्री सरांच्या सासूबाईंची होती.

झालं होतं ते असं. सर शाळेत नवे होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. वार्षिक समारंभाला त्यांनी सासूबाईंना आणलं. रस्त्यात भुरभुर होती म्हणून त्यांची छत्री सरांनीच त्यांच्या डोक्यावर धरली. समारंभ संपला, आभाळ मोकळं झालं, आणि छत्री शाळेत राहिली. पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाई ती हातात घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. "ही कोणाची हो? जिन्यात पडली होती," त्यांनी विचारलं आणि लगेच बदकाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "काय सुरेख आहे, नाही?"

तो हात सरांनी पाहिला. त्या हातानेच त्यांच्या नोकरीच्या कागदावर सही व्हायची होती. सरांनी तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर आलं, "तुम्हाला शोभून दिसते, बाई."

झालं. नोकरी कायम झाली, छत्रीही कायम झाली. घरी सरांनी सांगितलं की सगळी शाळा धुंडाळली, नाही मिळाली. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या, त्यामुळे आभाळ भरून आलं की दर वेळी खिडकीशी येऊन म्हणायच्या, "आत्ता माझी छत्री असती तर..." आणि सर मूग गिळून वर्तमानपत्र उलटंपालटं करायचे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. माणसाला सवय कशाचीही होते; दुसऱ्याच्या नुकसानीची तर फारच लवकर.

तर असे हे सर चौथीला सापडलेल्या वस्तूंचा कायदा शिकवत होते. आणि शिकवत होते उत्तम, हे मान्य करायला हवं. इतकं उत्तम की शाळेत कोणाला काही हरवायची चोरी झाली. बाकाखाली पडलेलं खोडरबर मालकाने वाकून उचलायच्या आत तिघं त्याच्यावर झडप घालायचे आणि गर्जायचे, "खूण सांग!" रडवेल्या पोराने खूण सांगितली तर ठीक. नाही सांगता आली, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "आशा सोडलीस का?"

आशेचं हे कलम मुलांना फारच पसंत पडलं. मालकाने "जाऊ दे, गेलं" असं म्हटलं की वस्तू सापडणाऱ्याची, हे कळल्यापासून काही हुशार पोरं दुसऱ्यांना निराश करायच्या उद्योगाला लागली. "तुझं शार्पनर आता काही मिळायचं नाही," एकजण दुसऱ्याला गळ्यात हात घालून सांगायचा. "गोगलगायींनी नेलं असेल. म्हण, जाऊ दे. म्हण ना!" बिचारा म्हणायचा, आणि शार्पनर दोस्ताच्या खिशातून कायदेशीररीत्या बाहेर यायचं. पालकांच्या तक्रारी आल्या. सर म्हणाले, "म्हणजेच शिक्षण जिवंत झालंय."

भांडणं वाढली तसं सरांनी वर्गात न्यायालयच बसवलं. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो म्हणून शुक्रवारी शाळा लवकर सुटायची. त्याआधीचा तास न्यायालयाचा. तीन न्यायाधीश, कारण धर्मन्यायालयाचा नियम तीनचा. आणि या न्यायालयाची खरी मालकीण होती ती एक मुलगी, जिला सगळे 'वकील' म्हणत. काटकुळी, दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तिचे वडील शेजारच्या इमारतीत दातांचे डॉक्टर होते, आणि समोरच्याने तोंड उघडल्यावर कुठे टोचायचं हे कसब तिने घरूनच आणलं असावं.

एके दिवशी सरांनी तिला खडू आणायला ऑफिसात पाठवलं. इथेच ते फसले.

तिने पितळेच्या भांड्यात छत्री पाहिली आणि सहज म्हणाली, "बाई, किती छान आहे! कुठून घेतली?"

मोठ्या बाईंच्या मनात काही काळंबेरं नव्हतंच. "घेतली कुठली, शाळेतच सापडली होती," त्या फायलीतून मान वर न काढता म्हणाल्या.

वकील खडू न घेताच परत आली. तिचे डोळे असे लकाकत होते की सरांनी विनाकारण पुस्तक मिटलं. विनाकारण म्हणजे, कारण कळायच्या आधी.

"सर, खूण असलेली वस्तू जाहीर केलीच पाहिजे ना?"

"अर्थात. म्हणजेच, अर्थातच."

"आणि पुष्कळ वर्षं झाली असली तर?"

"मालकाने आशा सोडली नसेल तर शंभर वर्षं झाली तरी वस्तू मालकाचीच," सर सवयीने म्हणाले.

"मग मोठ्या बाईंची छत्री या शुक्रवारी न्यायालयात घ्यायची," वकिलीणबाई म्हणाल्या. "तिची चोच फुटलीय. ही खूण आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग सरांनी युक्त्या सुरू केल्या. आधी म्हणाले, मोठ्या माणसांच्या वस्तू न्यायालयात घेत नाहीत. वकील म्हणाली, असं कुठं आहे? मग म्हणाले, त्या शुक्रवारी अध्यक्ष येणार आहेत, साधंसं प्रकरण ठेवू, म्हणजेच पेन्सिलीचं. वर्ग ओरडला, पेन्सिलीचा कंटाळा आलाय. शेवटी ते मोठ्या बाईंकडेच गेले, की त्या तरी नाही म्हणतील. पण त्यांना कल्पना विलक्षण आवडली.

"मला साक्षीला बोलावणार? अध्यक्षांसमोर?" त्या छत्री हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "सर, याला म्हणतात जिवंत शिक्षण! इतक्या वर्षांत कोणी विचारायला आलं नाही, आता कोण येतंय? तुम्ही बिनधास्त करा."

आता एकच वाट उरली होती. छत्रीच्या मालकिणीने आशा सोडली की छत्री तिची राहत नव्हती. कायदा सरांनीच शिकवला होता. शार्पनरचा प्रयोगही त्यांच्याच वर्गातला होता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते सासूबाईंजवळ जाऊन बसले. त्या पाटावर शेंगा सोलत होत्या.

"आई, ती तुमची छत्री होती ना, बदकाची..."

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आहे कुठे? हरवली ना."

"हरवली म्हणजे माझी नाही होय? जावईबापू, तुमची टोपी उडाली तर ती वाऱ्याची का?"

"तसं नव्हे. म्हणजेच, इतकी वर्षं झाली. ती आता काही मिळायची नाही. तुम्ही आता मनातून काढून टाका बघू. म्हणा, जाऊ दे, गेली."

"कशाला म्हणू?"

"मनाला बरं वाटतं."

"माझ्या मनाला काय झालंय?" सासूबाईंनी शेंग फोडली. "ह्यांनी घेऊन दिलेली छत्री. मी मेल्यावरसुद्धा विचारीन, मिळाली का म्हणून. आणि तुम्हाला आज एकदम काय झालं? छत्रीचं नाव काढलं की तुम्हाला खोकला येतो एरवी."

दुसऱ्या दिवशी सरांनी बाजारातून एक नवी कोरी छत्री आणली. बटण दाबलं की फटकन उघडणारी. सासूबाईंनी ती दोनदा उघडून मिटून पाहिली आणि परत दिली. "तुम्हीच वापरा. माझी मिळाल्यावर दोन काय करू?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती शिवणकाम करायची. कापड बघून उसवण कुठे आहे ते ओळखायची तिला सवय होती. "अहो," ती म्हणाली, "वाढदिवसाला आईला साधा रुमाल आणत नाही तुम्ही. छत्री कसली आणता?"

"माणसाने प्रेमाने काही करायचीही सोय नाही या घरात," सर म्हणाले आणि न जेवता झोपायला गेले. पण भूक लागल्यामुळे परत आले.

इकडे शाळेत जाहीर करायची तयारी झाली होती. सरांनी सुचवलं की 'एक वस्तू सापडली आहे' एवढंच ओरडा. वकील म्हणाली, वस्तू म्हटलं तर सगळं गाव येईल, 'छत्री' म्हणायचं आणि खूण विचारायची. शाळा सुटताना चौथीचा वर्ग फाटकाशी उभा राहून घसा फोडून ओरडला, "छत्री सापडली हो! खूण सांगा, घेऊन जा!" टायरवाल्याने बोल्ट घट्ट करायचा थांबून विचारलं, "कुठली छत्री?" सरांना तो प्रश्नसुद्धा टोचला.

आणि गंमत बघा. इतक्या वर्षांत जिला विचारायला कुत्रं आलं नव्हतं, तिचे दुसऱ्याच दिवशी मालक उगवले. घड्याळांचं दुकान असलेले एक पालक आले, नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. म्हणाले, काळी आहे, मुठीला बदक, चोचीला टवका. त्यांच्या मागोमाग एक बाई आल्या; त्यांनीही बदक सांगितलं, टवकाही सांगितला, वर डोळ्यांत पाणी आणलं. आणखी दोघांनी निरोप पाठवले. कारण उघड होतं. मोठ्या बाई ती छत्री रोज फाटकाशी नाचवायच्या; चोचीचा टवका अख्ख्या शाळेला तोंडपाठ होता.

वकील नुसती हसली. "उघडल्यावर आत काय आहे, ते सांगा," तिने विचारलं.

घड्याळवाले म्हणाले, "आत? आत काय असणार, पाऊस!" आणि घड्याळात बघून निघून गेले. बाईंचे डोळे लगेच कोरडे झाले. सरांना मात्र खूप दिवसांनी मोकळा श्वास आला. आत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. छत्री बेवारस ठरणार, भांड्यात परत जाणार, आणि जग पुन्हा सुरळीत चालणार.

पण सरांची धाकटी मुलगी त्याच शाळेत पहिलीत होती. तिला घरात 'बातमीदार' म्हणत. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला ती तोंडात घास असतानाच म्हणाली, "आजी, शाळेत बदकाची छत्री सापडलीय. आत काय आहे ते कोणाला येतच नाही!"

सासूबाईंचा हात ताटावर थांबला. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. सरांनी पाणी प्यायलं, आणखी प्यायलं, भांडं रिकामं झालं तरी पीत राहिले.

"उद्या शुक्रवार ना?" सासूबाई म्हणाल्या. "माझी निळी साडी इस्त्रीला काढ गं."

शुक्रवारी वर्ग फुलून गेला होता. अध्यक्ष मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचे गुडघे कानांपाशी आले होते. फळ्याशी तीन न्यायाधीश. मधल्याने डबा मांडीवर घेतला होता आणि न्यायापेक्षा त्याचं लक्ष झाकणाकडे जास्त होतं. मोठ्या बाई छत्री घेऊन साक्षीदाराच्या जागी उभ्या होत्या, एखाद्या नटीसारख्या. आणि शेवटच्या बाकावर निळ्या साडीत सासूबाई, शेजारी हातावर हात बांधून बायको.

"छत्रीचा मालक कोण?" वकिलाने पुकारा केला.

"मी," सासूबाई उठल्या. "बाहेरची खूण सांगत नाही, ती पोरासोरांनाही ठाऊक आहे. आत उघडून बघा. मुठीकडून वर बघितलं की उजव्या हाताला ठिगळ आहे. पांढऱ्यावर निळ्या रेघा. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याचं कापड. टाके मीच घातलेत, आणि शेवटचा वाकडा आलाय, कारण तेव्हा दूध उतू गेलं म्हणून हे ओरडले."

मोठ्या बाईंनी छत्री उघडली. इतक्या वर्षांची धूळ फळ्याच्या डस्टरमधल्या खडूसारखी उडाली आणि मधले न्यायाधीश शिंकले. सगळा वर्ग छत्रीखाली घुसला. पांढऱ्यावर निळ्या रेघा होत्या. शेवटचा टाका वाकडा होता.

वर्ग ओरडला. अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. इथेच सगळं संपलं असतं, आणि सर मनातल्या मनात तशी प्रार्थनाही करत होते. पण मोठ्या बाईंना आता आपल्या नावाची काळजी लागली.

"हे बघा," त्या अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "मी काही लपवून ठेवली नव्हती. सापडली तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, कोणाची म्हणून. सर होते की! सर, आठवतं ना? तुम्हीच तर म्हणालात, तुम्हाला शोभून दिसते, बाई."

सासूबाई हळूहळू वळल्या. एखादं जुनं कपाट भिंतीपासून सरकवावं, तशा.

"सर," वकिलाने विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं, छत्री कोणाची आहे ते?"

"म्हणजेच..." सर म्हणाले. "म्हणजेच, मी लांब बसलो होतो. काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच... मी ओळखली नाही."

"ओळखली नाही?" सासूबाई म्हणाल्या. "अहो जावईबापू, त्या दिवशी घरापासून शाळेच्या दारापर्यंत ती तुम्हीच धरली होती माझ्यावर! बदकाची चोच टोचते म्हणून हात बदलत होता!"

खाली टायरमधून हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला, आणि मागच्या बाकावरचं एक पोर हसू दाबता दाबता लाल झालं. सरांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. खिडकीच्या पडद्याची शिवण बघत होती. त्यांना वाटलं होतं की असा क्षण आला तर आपल्याला राग येईल, किंवा निदान काहीतरी सुचेल. प्रत्यक्षात त्यांचे कान तेवढे गरम झाले, आणि हातातल्या खडूचा चुरा झाला.

तिन्ही न्यायाधीशांनी डोकी एकत्र आणली. मग मधला उभा राहिला; डबा त्याने आता खाली ठेवला होता. "छत्री आजींची. मोठ्या बाईंचा गुन्हा नाही, त्यांनी विचारलं होतं. पण छत्री जिन्यात सापडली, तर जिन्याखालच्या कपाटावर चिठ्ठी लावायला हवी होती." मोठ्या बाईंनी मान डोलावली. "आता सरांचं काय, ते आम्हाला येत नाही. सर, वस्तू कोणाची ते माहीत असून जो गप्प बसतो, त्याच्यासाठी काय नियम आहे?"

वर्गाला सरांच्या उत्तराची गरज नव्हती. रोज सकाळी घोटून घेतलेला नियम तो. सगळ्यांनी हात मागे बांधले आणि एका सुरात, अगदी सरांनी शिकवलेल्या चालीत म्हटलं, की हरवलेली वस्तू दिसली तर डोळेझाक करायची सोय नाही. आणि ज्याने पाहिलं आणि गप्प बसला, तो घेणाऱ्याहून बरा नव्हे. उच्चारात एकही चूक नव्हती. दुसरी एखादी वेळ असती, तर सरांचे डोळे अभिमानाने भरून आले असते. भरून तर आताही आले.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती काढून ठेवायला दोघं धावले. आणि ते टाळ्या वाजवायला लागले.

"अप्रतिम!" ते म्हणाले. "काय बसवलंय! काय कामं केलीत एकेकाने! आणि सर, तुम्ही! स्वतःकडे गुन्हेगाराची भूमिका घ्यायची, विद्यार्थ्यांसमोर, खऱ्या सासूबाईंना घेऊन! याला छाती लागते. त्या खडूचा चुरा केलात तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं, अध्यक्षांचा आनंद पाहिला, आणि मिटलं. शिक्षकांच्या खोलीत कोणे एके काळी एका नव्या सरांनी खरं गिळलं होतं, अगदी तसंच. गणिताच्या बाई दारात उभ्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत. वकिलाचा हात तेवढा वर गेला, "पण हे नाटक नव्हतं," असं ती म्हणालीही, पण अध्यक्षांनी तिची वेणी ओढून सांगितलं, "तू तर सगळ्यांत भारी!"

घरी जाताना सासूबाई छत्री काखेत धरून पुढे चालल्या होत्या. बायको त्यांच्याबरोबर. सर मागे, बातमीदाराचं दप्तर घेऊन.

"एक शब्द," बायको मागे न बघता म्हणाली. "तेव्हा एक शब्द बोलायचा होता. 'आमची आहे' एवढं."

"नोकरी कायम व्हायची होती," सर म्हणाले.

"छत्रीसाठी कोणी काढत नाही नोकरीवरून."

हे सरांनाही तेव्हापासून माहीत होतं. त्याचंच तर वाईट होतं.

पुढचे काही दिवस सासूबाई जावयाशी बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी नातीमार्फत मागायच्या. मग एक दिवस शाळेतून निरोप आला. अध्यक्षांनी हा 'प्रयोग' संस्थेच्या दुसऱ्या शाळांना दाखवायचा ठरवला होता. तीच मुलं, त्याच मोठ्या बाई, त्याच सासूबाई, आणि मुख्य म्हणजे तेच सर. सरांनी तब्येतीचं कारण सांगून पाहिलं. मोठ्या बाई गोड हसल्या. "सर, तुम्हाला ही भूमिका शोभून दिसते," त्या म्हणाल्या.

सरांना एक आशा होती, की सासूबाई नाही म्हणतील. त्या लगेच हो म्हणाल्या.

तेव्हापासून मोठ्या बाई तालमीसाठी सरांच्या घरी यायला लागल्या. पहिल्या दिवशी दोघी जरा अवघडून बसल्या. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही त्याच वेळी मागितली असती, तर मी दिली असती हो." सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मलाच विचारलं असतं, तर मी तुम्हाला बक्षीस दिली असती." मग दोघींचं असं सूत जमलं की विचारू नका. गुडघेदुखीपासून जावयांपर्यंत सगळे विषय झाले. दर प्रयोगाला सासूबाई आपलं बोलणं वाढवत गेल्या. दूध उतू गेलेला प्रसंग आता चांगला लांबला होता, आणि एका शाळेत तर लोक रडले. वकिलाचा दात येत होता, त्यामुळे तिचे उच्चार सुधारले होते. मधल्या न्यायाधीशाला शिंक आपोआप यायची नाही, म्हणून तो नाकात धागा घालायचा.

आणि सर? सर दर वेळी उभे राहून म्हणायचे, मी ओळखली नाही. दर वेळी कान गरम व्हायचे. त्यांना वाटलं होतं, पाच-सहा वेळा म्हटलं की ते वाक्य निर्जीव होईल, जसं पाठांतर होतं. पण ते काही मरेना.

परवाच्या तालमीला ते चहाचा ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेले, तेव्हा दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या. त्यांना बघून थांबल्या. सरांनी कप ठेवले, साखरेचं भांडं ठेवलं आणि निघाले.

"जावईबापू," सासूबाईंनी हाक मारली. आवाजात राग नव्हता. "पुढच्या वेळी मान जरा आणखी खाली घाला. मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही."